झेंडा कुणाचा ते नंतर, सातबारा कुणाचा ते आधी सांगा

चीनचं नाव निघालं की आपल्याकडच्या पांढरपेशा वाचकाला घाम फुटतो. चीन बंदरं गिळतो. चीन कर्ज देतो आणि देश गहाण ठेवून घेतो. चीन आपल्याला समुद्रातून वेढतोय. रविवारच्या पुरवणीत नकाशा छापून येतो. ग्वादर, हंबनटोटा, जिबुती. लाल ठिपके. मधोमध आपला देश, आणि त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, ठिपका टाकण्याइतकंही मोठं नसलेलं देवगड.

मी तिथला. म्हणजे जन्म मुंबईचा, वाढलो चाळीत, पण गाव देवगड तालुक्यातलं. गाव संपतं तिथं आमची वाडी सुरू होते, एवढं सांगितलं की आपल्या वाचकाला पुढचा पत्ता लागत नाही. या नकाशाकडं मी त्या वाडीतून बघतो. तिथून ठिपके दिसत नाहीत, माणसं दिसतात.

आधी श्रीलंकेची गोष्ट, कारण ती आपल्याला अर्धीच ऐकवतात. हंबनटोट्याचं बंदर चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जावर उभं राहिलं. 2007 च्या पुढं कर्जाचे करार झाले. कर्ज चिनी, कंत्राटदार चिनी, राष्ट्राध्यक्ष राजपक्षे आणि बंदर त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यात. जहाजं हवी तेवढी आली नाहीत. 2017 साली ते बंदर चायना मर्चंट्स या कंपनीला 99 वर्षांच्या भाड्यानं गेलं, 112 कोटी डॉलरला. इथवर सगळे सांगतात. पुढं सांगत नाहीत ते असं की त्या 112 कोटींनी बंदराचं कर्ज फिटलं नाही. ते डॉलर देशाच्या गंगाजळीत गेले, कारण दुसरे सावकार दारात उभे होते. हे दुसरे सावकार म्हणजे रोखे घेणारे, न्यूयॉर्क-लंडनच्या बाजारातले. 2022 साली श्रीलंकेनं हात वर केले तेव्हा परदेशी कर्जात मोठा वाटा या रोखेवाल्यांचा होता. चीनचा वाटा त्यांच्यामागे. पण लाल ठिपका रोखेवाल्यांवर कोण टाकणार? त्यांचा झेंडा नसतो.

चीनची बाजू घ्यायचं मला काही कारण नाही. तिथं कामगारांचं नाव घेऊन राज्य चालतं आणि कामगारानं स्वतःची युनियन काढली तर तो तुरुंगात जातो. माझा सवाल दुसरा आहे. त्या 2022 साली श्रीलंकेत कोण मेलं? चहाच्या मळ्यातल्या तमिळ बाया आठवा. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तमिळ मुलखातून उचलून नेलेले हे मजूर, त्यात मोठा भरणा आपल्यासारख्या जातींचा. देश स्वतंत्र झाला आणि 1948 च्या नागरिकत्व कायद्यानं त्यांनाच बिनदेशाचं केलं. पुढची कितीतरी वर्षं ते कुणाचेच नव्हते. त्यांच्या खुडलेल्या पानावर देशाला डॉलर मिळाले. त्या डॉलरवर कर्ज निघालं. कर्ज बुडालं, रुपया कोसळला, पीठ आणि तांदूळ हाताबाहेर गेले. बंदराच्या करारावर त्यांची सही नाही, रोख्यांवर नाही, 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर नाही. भरायला मात्र तीच.

आता देवगडला या.

आमच्याकडं चीन आला नाही, सौदी येणार होता. 2017 साली इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांनी मिळून रत्नागिरी रिफायनरी नावाची कंपनी काढली. जागा राजापूर तालुक्यातलं नाणार आणि आसपासची गावं, आणि वाघोटणच्या खाडीच्या अलीकडं आमच्या देवगड तालुक्यातली गिर्ये आणि रामेश्वर. तेल उतरवायची आणि साठवायची सोय आमच्या बाजूला, विजयदुर्गाच्या शेजारी. एप्रिल 2018 मध्ये सौदी अरामको दिल्लीत येऊन करार करून गेली, जूनमध्ये अबू धाबीची ॲडनॉक तिच्या सोबत आली. निम्मा हिस्सा या दोघींचा. वर्षाला 6 कोटी टन तेल, 44 अब्ज डॉलर, म्हणजे तेव्हाचे 3 लाख कोटी रुपये. आकडा वाचताना जीभ अडखळते.

गंमत बघा. कोकणातली माणसं दोन पिढ्या आखातात जातायत, वेल्डर म्हणून, फिटर म्हणून, ड्रायव्हर म्हणून. पासपोर्ट मालकाच्या कपाटात ठेवून त्यांनी दिवस काढले. आता त्याच आखातातून पैसा कोकणात येणार होता. माणूस गेला तो रांगेत उभा राहून, पैसा येणार तो लाल गालिच्यावरून. आणि रविवारच्या पुरवणीत या गालिच्याचा नकाशा काही छापून आला नाही. सौदीनं किनारा गिळला असं कुणी लिहिलं नाही. चिनी पैसा म्हणजे वेढा, सौदी पैसा म्हणजे विकास. म्हणजे भीती पैशाची नाही, दिल्लीचं त्या साली कुणाशी जमतं त्याची आहे.

विरोध झाला, जोरात झाला. मी त्या विरोधाच्या बाजूनं होतो आणि आहे. समुद्रात गरम पाणी सोडणार, खाडीतली मासळी जाणार, कातळावरचं पाणी जाणार, हे कुणाला शास्त्रज्ञानं सांगायची गरज नव्हती. याच गिर्येत त्याआधी 4000 मेगावॉटच्या औष्णिक वीज प्रकल्पाचा घाट घातला होता, परदेशातून कोळसा आणून. आंबावाल्यांनी तोही हाणून पाडला. पुढं गुजरातेत मुंद्र्याला याच जातीचा प्रकल्प झाला आणि इंडोनेशियानं आपल्या कोळशाच्या दराचा नियम बदलताच तो तोट्यात बुडाला. म्हणजे गिर्येवाल्यांची अक्कल शहाण्यांपेक्षा पुढं होती. लढणारी गावं आहेत ही, त्यांना सलाम.

पण सलाम करून झाल्यावर बोललंच पाहिजे.

मोर्चात पहिल्या रांगेत कोण होतं? बागायतदार. माझी कलमं, माझा हापूस, माझी पाच पिढ्यांची बाग. मुंबईच्या पेपरात फोटो कुणाचे? मोहोरलेल्या कलमाचे. हापूस वाचवा म्हणून गाणी झाली. त्या कलमाखाली फवारणीचा पंप पाठीवर घेऊन कोण फिरतो, नाकाला फडकं बांधून औषध कोण मारतो, आडी कोण घालतं, पेट्या भरून टेम्पोत कोण चढवतं, हे फोटोत नाही. माझ्या आत्येनं तीस वर्षं दुसऱ्यांच्या बागेत आंबा निवडला. 2018 च्या मे महिन्यात मी तिला विचारलं, आत्ये, रिफायनरीचं तुला काय वाटतं? ती हात न थांबवता म्हणाली, ‘झिला, ती येवंदे नायतर जावंदे. आमचो सातबारो खय आसा? ज्येंचो आसा त्येंका इचारतले.’

एका वाक्यात सगळं आलं. जमीन एमआयडीसीच्या 1961 च्या कायद्यानं घ्यायची ठरली होती. नोटीस जाते सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. पैसे त्याला. आणि दोस्तांनो, विरोधसुद्धा त्यालाच करता येतो. गावोगाव असंमतीपत्रं भरली गेली. त्या कागदावर गट नंबर लिहायचा असतो. माझ्या आत्येला गट नंबर नाही. तिला हो म्हणायचा अधिकार नाही आणि नाही म्हणायचाही नाही. सौदीच्या कंपनीनं तिला विचारलं नाही हे मी समजू शकतो. गावच्या संघर्ष समितीनं तरी कुठं विचारलं?

हे आजचं नाही. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 ला मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडायचं बिल मांडलं. 10 जानेवारी 1938 ला कोकणातली कुळं बोटीनं मुंबईत उतरून विधिमंडळावर चालून गेली. त्या मोर्चात महार होते, कुणबी होते, लाल बावट्याची माणसं होती. पुढं 1948 चा कूळकायदा आला, 1949 ला खोती मोडणारा कायदा झाला, 1958 च्या कायद्यानं महारवतनं गेली. कायदे झाले, पण कागदावर चढायला आधी कागदापर्यंत पोचावं लागतं. तलाठी कुणाच्या ओटीवर बसून नोंदी करायचा? आमच्या घराकडं वतनाचा एक तुकडा उरलाय, कातळाचा. त्यावर सतरा नावं, त्यातली निम्मी माणसं मेलेली. नाणारच्या वेळी आमच्या त्या कातळालाही दलाल भाव विचारून गेला, ती आमची आयुष्यातली एकमेव प्रतिष्ठा.

मुंबईत आपल्याच बैठकीत यावर भांडण झालं. एक मित्र म्हणाला, येऊ दे रिफायनरी, बामण-मराठ्यांच्या बागा जाऊ देत, आपल्या पोरांना नोकऱ्या मिळतील. टाळ्या पडल्या. मी म्हटलं, कुठली नोकरी? तेलशुद्धीकरणात पैसा ओततात तो यंत्रात, माणसात नाही. बांधकाम चालू असेपर्यंत ठेकेदाराची हजेरी, मग गेटवर पहारा आणि आत झाडू. झाडू तर आपल्याकडं आहेच, त्यासाठी सौदीला कशाला बोलवायचं? दुसरा म्हणाला, मग बागायतदारांच्या मागं उभे राहू, पर्यावरण महत्त्वाचं. मी म्हटलं, मागं का? मागं उभं राहायची सवय लागलीय म्हणून?

त्या बागेत आणखी एक माणूस आहे. नेपाळी. देवगड-रत्नागिरीच्या बागा आज नेपाळी मजुरांशिवाय चालत नाहीत. राखण तो करतो, वानरं तो हाकतो, झाडावर तो चढतो, बायकापोरांसकट बागेतल्या पत्र्याच्या खोपटात राहतो. गावात त्याला नाव नाही, सगळे गुरखेच. त्याच्या देशानं मे 2017 मध्ये चीनच्या बेल्ट अँड रोड योजनेवर सही केली. पोखऱ्याला चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जानं, चिनी कंपनीच्या हातानं, 21 कोटी डॉलरहून जास्त खर्चून आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधला. 1 जानेवारी 2023 ला उद्घाटन झालं. आंतरराष्ट्रीय विमानं काही येईनात. 2025 साली तिथल्या संसदेच्या समितीनं त्या कामातल्या गैरव्यवहारावर बोट ठेवलं. आपल्या पुरवणीतले पंडित म्हणाले, बघा, नेपाळ चीनच्या खिशात गेला. आणि नेपाळी माणूस? तो सीमेपासून रेल्वेच्या जनरल डब्यात बसून देवगडला आला, वानरं हाकायला. विमानतळाचं कर्ज फेडायला डॉलर लागतात, आणि नेपाळचं परदेशी चलन मोठ्या प्रमाणात येतं ते बाहेर राबणाऱ्यांनी घरी धाडलेल्या पैशातून. ज्याला कधी विमानात बसायला मिळणार नाही त्याच्या घामावर ती धावपट्टी उभी आहे. माझी आत्या आणि तो एकाच झाडाखाली बसून भाकरी खातात. दिल्ली आणि बीजिंग यांच्यातलं जे काय राजकारण आहे ते या झाडाखाली येऊन संपतं.

झेंडा बदलला की काय होतं ते बघायला परदेशात जायला नको, पुण्याजवळ तळेगावला जा. जनरल मोटर्सचा कारखाना. अमेरिकनांनी जानेवारी 2020 मध्ये तो चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचं ठरवलं. जूनमध्ये महाराष्ट्र सरकारनं ग्रेट वॉलशी 3,770 कोटींचा करार केला, आणखी दोन चिनी नावं त्याच यादीत. तारीख होती 15 जून 2020. त्याच रात्री गलवानमध्ये वीस जवान मारले गेले. करार थंड्या बस्त्यात. देशभक्तीचा महापूर आला, लोकांनी गॅलरीतून टीव्ही फेकले. त्या डिसेंबरात कारखाना बंद पडला. हजाराहून जास्त कामगार रस्त्यावर आले आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसले. 2022 साली ग्रेट वॉलनं गाशा गुंडाळला, 2023 साली कोरियाची ह्युंदाई आली. अमेरिका गेली, चीन आलाच नाही, कोरिया आला. कारखान्याच्या भिंती त्याच, यंत्रं बरीचशी तीच. फक्त कामगार गेले. चीनला धडा शिकवला म्हणतात. धडा कुणी शिकला ते तळेगावच्या कामगाराला विचारा.

आणि आता आपलाच झेंडा. आपल्याला वाटतं आपण ज्याच्यावर पैसा येऊन पडतो तो देश. ते दिवस गेले. आपले भांडवलदारही बाहेर निघालेत. अदानीकडं इस्रायलमधलं हैफा बंदर आहे, कोलंबोत टर्मिनल आहे. 2024 साली केनियात नैरोबीचा विमानतळ तीस वर्षांसाठी अदानीला द्यायचं चाललं होतं. तिथल्या विमानतळाच्या कामगारांनी 11 सप्टेंबरला काम बंद पाडलं. आमच्या नोकऱ्यांचं काय ते आधी लिहून द्या म्हणाले. नोव्हेंबरात अमेरिकेत अदानींवर आरोपपत्र निघाल्यावर केनियाच्या अध्यक्षांनी तो बेत रद्द केला. आपल्याकडच्या किती पेपरांनी त्या कामगारांची बाजू छापली? आपल्या पेपरात तो भारताचा अपमान होता. उलट ग्वादरला 2021 च्या हिवाळ्यात बलुच कोळी महिनाभर रस्त्यावर बसले, तेव्हा मात्र आपल्याला फार आनंद झाला. त्यांची मागणी काय होती? मोठ्या ट्रॉलरना आमच्या पाण्यातून हाकला, आमच्याच गावात आम्हाला तपासणी नाक्यावर ओळखपत्र विचारू नका, पाणी द्या. देवगडचा रापणवाला, गिलनेटवाला मलपीच्या हायस्पीड ट्रॉलरबद्दल हेच बोलतो, शब्दाला शब्द. ग्वादरच्या बंदराच्या उत्पन्नातला 91 टक्के हिस्सा चिनी कंपनीला, पाकिस्तानच्या सरकारला 9. कोळ्याला किती, हा रकाना करारात नाही. नैरोबीत असता का? गिर्येत होता का?

नाणार गेलं. 2019 च्या निवडणुकीआधी युतीचं जमावं म्हणून अधिसूचना रद्द झाली. ज्या पक्षानं तो प्रकल्प घालवल्याचा गुलाल उधळला, त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यानं जानेवारी 2022 मध्ये बारसूची जागा सुचवणारं पत्र दिल्लीला धाडलं. एप्रिल 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर माती तपासायला पोलीस आले, बायका कातळावर आडव्या झाल्या, अश्रुधूर सुटला. आणि अरामको? त्याच 2023 साली तिनं चीनमध्ये पैसा ओतला. रोंगशेंग पेट्रोकेमिकलचा 10 टक्के हिस्सा घेतला, पांजिनला रिफायनरीचं काम काढलं. आम्ही इथं सौदी की चीन म्हणून भांडतोय, त्यांचं लग्न कधीच लागून गेलं.

उद्या पुन्हा कुणीतरी येणार. किनारा आहे, खोल पाणी आहे, मुंबईजवळ आहे, येणारच. वाढवणला 76 हजार कोटींचं बंदर 2024 साली मंजूर झालं, कोळ्यांनी कितीही बोंब मारली तरी ऑगस्टात पायाभरणी झाली. देवगडला मात्र आनंदवाडीचं साधं मच्छीमार बंदर व्हायला माणसांचे केस पिकले. तिथं कुठला देश पैसे घेऊन आला नाही, कारण त्यात 99 वर्षांचं भाडं नाही.

तेव्हा पुढचा येईल तो चिनी, सौदी, फ्रेंच, गुजराती कुणीही असो, आपण काय करणार ते आत्ता ठरवायला हवं. 2013 चा भूसंपादन कायदा आपल्या बैठकीत कुणी वाचत नाही, तो वाचा. त्यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. तीन वर्षं त्या जमिनीवर राबून पोट भरणारा मजूर, कूळ, वाटेकरी, कारागीर, पाण्यावर जगणारा कोळी, होडीवाला, सगळे त्यात आहेत. सामाजिक परिणामांचा अभ्यास त्यात सक्तीचा आहे. म्हणूनच राज्यानं 2018 साली दुरुस्ती करून एमआयडीसीचा कायदा त्यातून बाजूला काढला. त्यांना माहीत आहे धोका कुठं आहे. ही पळवाट बुजवा, ही आपली पहिली मागणी. संघर्ष समितीत भूमिहीनांच्या जागा नावानिशी, ही दुसरी, आणि ती सरकारकडं नाही, बागायतदारांकडं. ती मान्य होत असेल तर आम्ही पहिल्या रांगेत, लाठी खायलासुद्धा.

आणि मुंबईतल्या पोरांनो, या मे महिन्यात गावाला जाल तेव्हा वही घेऊन जा. वाडीतल्या प्रत्येक घरात बसा. नाव, वय, कुणाच्या बागेत, कुणाच्या बोटीवर, किती वर्षं, दिवसाला किती. पेट्या मोजायची मुकादमाची वही असेल तर तिचे फोटो घ्या, ई-श्रम कार्ड काढलेलं नसेल तर काढून द्या, बँकेत मजुरी जमा होत असेल तर पासबुकाची नक्कल ठेवा. खोपटातल्या नेपाळ्याचंही नाव लिहा, पूर्ण नाव, गावासकट. नोटीस आल्यावर हे करायला वेळ नसतो. कायदा तीन वर्षं मागचा पुरावा मागतो, म्हणजे 2030 साली कुणी आलं तर वही 2027 ची लागेल.